पक्ष्यांची साक्ष

नदीच्या किंवा समुद्राच्या काठी राहणाऱ्या पक्ष्यास पाणी पारखून घेता येत नाही. त्या पाण्यात जी मासळी वाढते तीच तो खातो व तीच आपल्या पिलांस भरवितो. म्हणून काठावरील कारखान्यांतून पाण्यात काय सोडले जाते, याची साक्ष द्यावयास पक्ष्यासारखा दुसरा साक्षीदार नाही. मात्र ही साक्ष तो बोलून देत नाही. ती ओळखणे आणि तिच्यावरून योग्य तो बोध घेणे, हे मनुष्याचे काम आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिस हे मोठे शहर आहे. त्याच्या पश्चिमेस समुद्रात अनाकापा नावाचे एक लहानसे खडकाळ बेट आहे. या बेटावर तपकिरी पेलिकन पक्षी घरटी बांधतात. पेलिकनला मराठीत झोळीवाला म्हणतात, आणि ते नाव अगदी सार्थ आहे. कारण त्याच्या चोचीखाली कातड्याची एक मोठी झोळी असते. उंचावरून सूर मारून हा पक्षी पाण्यात शिरतो आणि झोळीत मासे घेऊन वर येतो. १९७० साली अभ्यासकांनी या बेटावरील घरट्यांची पाहणी केली, तेव्हा त्यांना एक भयंकर दृश्य दिसले. ५५० घरट्यांमागे केवळ १ पिलू वाढले होते! घरट्याघरट्यांतून फुटक्या अंड्यांची टरफले पडली होती.

ही अंडी कोणी शत्रूने फोडली नव्हती. ती खुद्द आईबापांच्याच भाराने फुटली होती. पेलिकन आपल्या पडदेदार पायांखाली अंडी घेऊन त्यांना ऊब देतो. अंड्याचे कवच चांगले जाड असले म्हणजे ते हा भार सहज सोसते. परंतु या अंड्यांची कवचे कागदासारखी पातळ झाली होती. ज्या मायेने पक्षी अंड्यांवर बसत होते, तीच माया त्यांच्या वंशाच्या मुळावर आली होती.

याचे कारण डी. डी. टी. हे कीटकनाशक होते. लॉस एंजेलिसजवळ ते तयार करणारा एक मोठा कारखाना होता. त्याचे सांडपाणी अनेक वर्षे गटारांतून समुद्रात जात असे. समुद्र अफाट आहे. त्यात एवढेसे विष मिसळले तर ते विरून जाईल, अशीच त्या काळी बहुतेकांची समजूत होती. ती खोटी ठरली. डी. डी. टी. पाण्यात विरघळत नाही, लवकर नष्टही होत नाही. ते प्राण्यांच्या चरबीत साठून राहते. पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या अंगी ते अगदी थोडे असते. असे असंख्य जीव लहान मासा खातो आणि असे असंख्य मासे पेलिकन खातो. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण धनसंचयाला लागू पडते, तशी ती विषसंचयालाही लागू पडते. अन्नाच्या पायरीपायरीने वाढत वाढत हे विष पक्ष्याच्या शरीरात पोहोचले. तेथे त्याचे जे रूपांतर झाले, त्यामुळे अंड्याच्या कवचास लागणारा चुना त्याला पुरेसा मिळेना.

येथे कोणी असे म्हणेल, की डी. डी. टी.ने हिवतापाचे डास मारून लक्षावधी माणसांचे प्राण वाचविले. तेव्हा काही पक्षी मेले तर त्याचे एवढे दुःख कशाला? यातील पहिली गोष्ट खरी आहे. या द्रव्याचा कीटकनाशक गुण शोधून काढणारे पाउल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगीच नव्हे. परंतु घराच्या भिंतीवर फवारलेले औषध आणि समुद्रात सोडलेला त्याचा गाळ या दोन गोष्टी एक नव्हेत. गटारातून वाहून गेलेल्या त्या विषाने एकाही रोग्याचा प्राण वाचविला नाही. शिवाय पेलिकन जे मासे खातो, त्यांतील काही माणसाच्याही ताटात येतात. त्या किनाऱ्यावरील काही जातींचे मासे खाऊ नयेत, अशी सूचना पुढे तेथील लोकांना द्यावी लागली. पक्ष्यांवर आलेले संकट केवळ पक्ष्यांचे नव्हते, हे त्यावरून स्पष्ट होते. उपयुक्त वस्तू बनविणाऱ्याने तिचा नफा घ्यावा, पण तिच्या घाणीची जबाबदारी नदीवर किंवा समुद्रावर टाकावी, हा न्याय नव्हे.

सुदैवाने पेलिकनची साक्ष ऐकली गेली. कारखान्याचे ते सांडपाणी समुद्रात जाणे थांबले आणि १९७२ साली अमेरिकेने डी. डी. टी.च्या बहुतेक सर्व वापरावर बंदी घातली. हळूहळू कवचे पुन्हा जाड होऊ लागली, घरट्यांतून पिलांचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि २००९ साली तपकिरी पेलिकनचे नाव त्या देशाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढण्यात आले. तरीसुद्धा समुद्राच्या तळाशी बसलेले ते विष अजून पुरते नाहीसे झालेले नाही. घाण सोडावयास काही वर्षे पुरतात. ती निस्तरावयास पिढ्या लागतात.

जेथे जेथे पाणी, पक्षी आणि कारखाने एकत्र नांदतात, तेथे तेथे ही गोष्ट स्मरणात ठेवावयास हवी. ठाण्याच्या खाडीत दर वर्षी हजारो रोहित पक्षी उतरतात आणि चिखलपाण्यातील शेवाळ व बारीक जीव आपल्या वाकड्या चोचीने गाळून खातात. २०१५ साली या खाडीचा काही भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला. परंतु अभयारण्याची सीमा पाण्याला कळत नाही. काठावरील वस्तीचे आणि कारखान्यांचे पाणी ज्या चिखलात मुरते, त्याच चिखलावर रोहितांचे पोट भरते. त्यांना खरे अभय द्यावयाचे असेल, तर सांडपाणी खाडीत येण्यापूर्वी, कारखान्याच्या आवारातच शुद्ध झाले पाहिजे. अनाकापाच्या पक्ष्यांना आपली साक्ष फुटक्या अंड्यांनी द्यावी लागली. तशी साक्ष पुन्हा कोणत्याही पक्ष्यावर देण्याची वेळ येऊ नये, यातच मनुष्याचे शहाणपण आहे.