नायट्याचें मलम आणि पेशींची हांक

गेल्या श्रावणांत आमच्या एका भाच्याच्या कमरेस नायटा झाला. मुलगा वसतिगृहांत राहणारा; ओलसर कपडे अंगावरच वाळविण्याची त्याची जुनी खोड. कोणा मित्राच्या सल्ल्यानें त्यानें औषधाच्या दुकानांतून मलमाची एक नळी आणली, आणि दोन दिवसांत खाज थांबली, चारपांच दिवसांत लालीही मावळली. “मामा, चांगला गुण आला,” असें त्यानें मोठ्या उत्साहानें कळविलें. महिन्यानें तो घरीं आला तेव्हां नायटा मांड्यांपर्यंत उतरला होता, आणि त्याच्या कडा इतक्या पुसट झाल्या होत्या कीं हा नायटाच आहे हें घरांतील वडील मंडळींसही ओळखूं येईना. आम्हीं चष्मा लावून नळीवरील बारीक अक्षरें वाचलीं. तींत बुरशी मारणारें एक औषध होतें, दुसरें जंतुनाशक होतें, आणि तिसरें होतें तीव्र स्टिरॉइड. गुण आला होता तो या तिसऱ्याचा. तो कोणत्या प्रकारचा गुण, हें समजण्यास आपल्या शरीरांतील पांढऱ्या पेशींचा कारभार थोडा पाहिला पाहिजे.

नायटा म्हणजे बुरशीच. लोणच्यावर किंवा शिळ्या भाकरीवर धरणाऱ्या बुरशीची दूरची बहीण. बुरशीशीं शरीराच्या पेशी झुंजतात हें प्रथम डोळ्यांनीं पाहिलें तें मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञानें. डॅफ्निया नांवाची पाण्यांतील पिसू कांचेसारखी पारदर्शक असते. तिच्या पोटांत सुईसारखे अणकुचीदार बीजकण शिरतात, आंतड्याची भिंत भेदतात, आणि लगेच फिरत्या पेशी त्यांस गराडा घालून गिळूं लागतात, असें त्यानें १८८४ सालीं लिहून ठेविलें. पेशी जिंकल्या तर पिसू जगते, हरल्या तर मरते. १९०८ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु डोळे नसलेल्या पेशीस शत्रु ओळखूं येतो कसा? उत्तर आहे स्पर्शानें. बुरशीच्या अंगावरील कवचांत ग्लुकन नांवाची, साखरेच्या कणांची एक लांब सांखळी असते. मनुष्याचें शरीर तशी सांखळी कधींच घडवीत नाहीं. म्हणून ती हातीं लागली कीं पाहुणा परका, हें निश्चित. ती चांचपणारा हात पेशीच्या पृष्ठभागावर असतो. त्यास डेक्टिन-१ म्हणतात; तो ग्लुकनच ओळखतो हें २००१ सालीं ब्राउन व गॉर्डन या ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं दाखविलें. येथें एक मौज आहे. हवेंतील बुरशीचे बीजकण आपण रोज श्वासाबरोबर आंत घेतों, तरी प्रत्येक वेळीं छातींत दाह उठत नाहीं. कारण, निजलेल्या बीजकणावर पाणी न धरणारें एक पातळ वेष्टन असतें व ग्लुकन त्याखालीं झांकलेलें राहतें. बीज फुगून अंकुर फुटूं लागला, वेष्टन गळलें, कीं मगच पेशी जागी होते. उगीच आरडाओरडा न करण्याचा हा विवेक आम्हांस तर फार आवडला.

जागी झालेली पेशी निरोप पाठविते. डेक्टिनपासून पेशीच्या आंत एक निरोप्या दुसऱ्यास, दुसरा तिसऱ्यास वर्दी देतो. या रांगेंत कार्ड-९ नांवाचें एक प्रथिन आहे. वर्दी केंद्रापर्यंत पोंचली म्हणजे पेशी रासायनिक संदेश बाहेर सोडते. त्यांनीं दुसऱ्या जातीच्या पेशी चेततात व इंटरल्यूकिन-१७ नांवाचा संदेश देऊं लागतात. त्याच्या हांकेवर भक्षक पेशी रक्तांतून धांवत येतात, आणि त्वचेच्या पेशीही बुरशीस घातक असे पदार्थ तयार करूं लागतात. रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली. हे संदेश मज्जातंतूंस डिवचतात म्हणून खाज. आपण जिला रोग समजतों ती पुष्कळ अंशीं ही हांकच असते.

रांगेंतील एकच निरोप्या मुका असला तर काय होतें? २०१३ सालीं अल्जीरिया, मोरोक्को व ट्यूनीशिया येथील आठ कुटुंबांतील सतरा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांच्यांत कार्ड-९ जन्मतःच निकामी होतें. इतरांच्या कातडीवरच राहणारी नायट्याची बुरशी त्यांच्या त्वचेखालीं खोल उतरली, आणि चौघे वयाची चाळिशी गांठण्यापूर्वींच वारले.

आतां भाच्याची नळी. स्टिरॉइड हें हे संदेश तयार होणेंच बंद पाडतें. हांक थांबली, भक्षक पेशी आल्या नाहींत, खाज गेली. आणि बुरशी निवांत पसरली. स्टिरॉइड वाईट, असें मात्र कोणीं समजूं नये. दम्यांत व अन्य कित्येक विकारांत त्यानें प्राण वांचतात. तथापि २०२१ च्या कोरोनाच्या लाटेंत महाराष्ट्रानें काळ्या बुरशीचे जे भयंकर रोगी पाहिले, त्यांत रक्तांतील वाढलेली साखर व स्टिरॉइड यांची जोडी वारंवार आढळली. नायट्याचें संकट तितकें उग्र नाहीं, पण घरोघर आहे. सहज न बऱ्या होणाऱ्या एका नव्या बुरशीस २०२० सालीं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असें आपल्या देशावरूनच नांव पडलें. नायट्यावर नेहमीं दिलें जाणारें टर्बिनाफाइन हें औषध तिच्यावर पुष्कळदां चालत नाहीं. अशीं मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम आहे. तो कितपत पाळला जातो हें प्रत्येक गृहिणीनें आपल्या औषधांच्या डब्यांत डोकावून पाहावें.

त्वचारोगतज्ज्ञांनीं भाच्याची कातडी किंचित् खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, पोटांत घेण्याचें औषध दिलें, घरांतील सर्वांस तपासलें, आणि टॉवेल व कपडे निराळे ठेवून उन्हांत खडखडीत वाळविण्यास सांगितलें. मलम बंद होतांच खाज दुपटीनें उसळेल, घाबरूं नका, अशी सूचनाही दिली. तसेंच झालें. चौथ्या रात्रीं तो काकुळतीस येऊन नळी मागूं लागला. ती आम्हीं सकाळींच केरांत टाकली होती. पुरता बरा होण्यास पुढें अडीच महिने लागले.