चोरून खाणारा कुत्रा आणि त्याचे वाढते वजन

कुत्रा लठ्ठ झाला की घरची माणसे दोनच गोष्टी सांगतात. एक, "आम्ही त्याला फारसे काही घालीतच नाही", आणि दुसरी, "तो चोरून खातो, त्याला कोण काय करणार?" घरभेटीस गेलो असता हे दोन्ही उद्गार आम्ही एकाच माणसाच्या तोंडून ऐकतो, आणि त्याच वेळी तो कुत्रा आमच्या पायाशी बसून बशीतल्या बिस्किटाकडे डोळे लावून असतो. तेवढ्यात कोणीतरी अर्धे बिस्किट त्याच्यापुढे टाकते. ते कोणाच्याही हिशेबात धरले जात नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. कुत्र्याच्या वजनाचा सगळा दोष त्याच्या चोरीवर टाकणे सोयीचे असले, तरी खरे नाही. चोरीला वाव घर देते आणि वरखाऊ घासही घरच देते. म्हणून उपाय करावयाचा तो घराला.

पूर्वीचा आपला गावठी कुत्रा रात्री खळ्यावर किंवा गोठ्यापाशी राखणीला असे, दिवसभर बांधावरून फिरे आणि सांजेला भाकरीचा तुकडा व ताकाचे पाणी मिळाले की त्याचे भागे. तो चोरी करीत नसे असे नाही, परंतु चोरलेले अंगी लागत नसे. आता बेळगाव-खानापूर बाजूच्या शेतघरांतूनही लॅब्रॅडोर जातीचा कुत्रा आला आहे. स्वभावाने गरीब, मुलांत रमणारा, आणि खाण्याच्या बाबतीत मात्र अघोरी! या जातीच्या हावरेपणामागे काही कारण आहे काय, हे केंब्रिज येथील संशोधकांनी शोधले व २०१६ साली प्रसिद्ध केले. भूक शमल्याचा निरोप मेंदूला पोहोचविण्याच्या कामी येणारा पीओएमसी नावाचा एक जनुक आहे. सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडोर कुत्र्यांत त्या जनुकाचा छोटासा तुकडा गळालेला आढळला. अशी एकेक सदोष प्रत म्हणजे सरासरीने सुमारे २ किलो जादा वजन. पुढे २०२४ साली असेही प्रसिद्ध झाले की, दोन्ही प्रती सदोष असलेला कुत्रा नुसता पडून असताना इतरांच्या मानाने सुमारे चौथा हिस्सा कमी शक्ती खर्च करतो. म्हणजे भूक अधिक आणि खर्च कमी. अशा जनावराने स्वतःहून तोंड आवरावे अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

तशीच व्यर्थ गोष्ट म्हणजे मागाहून दिलेला मार. मासळीचा तुकडा सकाळी गेला आणि काठी दुपारी पडली, तर कुत्र्याला त्या दोहोंचा संबंध कळत नाही. धनी घरी आला की मार बसतो, एवढेच तो शिकतो. "पण फादर, त्याला आपले पाप कळते, तोंड बघा कसे करतो!" असे आम्हांस सांगण्यात येते. २००९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषींनी याचीच परीक्षा घेतली. त्यांस असे दिसले की, कुत्र्याने खाल्लेले असो वा नसो, धनी रागे भरला की तो तसेच तोंड करतो. ते पापनिवेदन नव्हे, ती भीती आहे. पापनिवेदनाला बसणाऱ्यांची तोंडे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत, त्यात फरक असतो.

मग चोरी थांबवावयाची कशी? आपल्या आज्यांनी याचे उत्तर केव्हाच काढून ठेवले होते, ते म्हणजे शिंके. दूध, दही, कालवण सारे आढ्याला टांगलेले असे. सिमेंटची घरे झाली, शिंके गेले, जाळीचे कपाटही अडगळीत गेले, आणि उरलेले जेवण ओट्यावर नुसते ताटाने झाकून राहू लागले. लॅब्रॅडोर मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचे तोंड नेमके ओट्याला लागते. दहा वेळा काही हाती लागले नाही आणि अकराव्या वेळी एक तुकडा मिळाला, तर तेवढ्या आशेवर तो पुढे पुष्कळ दिवस हेलपाटे घालीत राहतो. यास्तव बंदोबस्त करावयाचा तर तो रोजचा आणि पुरता हवा. स्वयंपाकघराला अर्धे दार किंवा फळी, खरकट्याच्या बादलीला घट्ट झाकण, कोंबड्यांचे खाद्य पत्र्याच्या डब्यात, आणि घरची माणसे जेवायला बसली की कुत्रा बाहेर, ओसरीवर.

गोठ्याकडेही लक्ष असावे. पेंडीचे पोते उघडे राहिले तर कुत्रा ती पोटभर खातो. शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी आली असल्यास तिच्यातील विषाने कुत्र्याचे यकृत निकामी होते, आणि सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल हे द्रव्य त्याच्या हृदयाला घातक आहे. गुरांना चालते ते कुत्र्याला चालेलच, असे समजू नये.

आता देणाऱ्या हातांविषयी. धनी न्याहारीच्या वेळी भाकरीचा तुकडा टाकतो, मुले शाळेतून आली की खारी-बिस्किट देतात, सून खरकटे घालते, आणि आजी आपल्या ताटातील शेवटचा घास त्याच्यासाठी राखून ठेवते. प्रत्येकाचे थोडेच, पण कुत्रा एक आणि हात पाच. यांत सर्वांत नाजूक गोष्ट आजीची. मुलगे मुंबईला किंवा आखातात, दिवसभर बोलायला कोणी नाही, अशा घरी तो कुत्राच सोबत असतो. तिला "घालू नकोस" म्हणून सांगणे आम्हांस निष्ठुरपणाचे वाटते, आणि तिने ते ऐकलेही नसते. आमची सूचना उलट आहे. कुत्र्याचे सगळे जेवण आजीच्याच हातून व्हावे आणि बाकीच्यांनी हात आवरावेत. सकाळीच दिवसाचे अन्न एका डब्यात काढून तिच्या हवाली करावे. तिने ते दोन वेळा द्यावे, वाटल्यास चार वेळा द्यावे, पण डबा संपला की दिवस संपला.

त्या डब्यात किती असावे? ३६ किलोचा जो कुत्रा २८ किलोचा असावयास हवा, त्याचे वजन उतरविण्यासाठी दिवसाला सुमारे ८५० कॅलरी धरतात. मध्यम आकाराच्या ज्वारीच्या एका भाकरीत दोनशेहून थोड्या अधिक असतात. म्हणजे चार भाकरींत त्याचा दिवस पुरा होतो! परंतु नुसत्या भाकरीवर ठेवल्यास चरबीबरोबर मांसही झडते. त्यापेक्षा दोन भाकऱ्या, दोन उकडलेली अंडी आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास चरबी व कातडी काढून उकडलेली कोंबडी, असे द्यावे. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा मिसळावा. कांदा-लसूण घातलेला रस्सा मात्र मुळीच नको, त्याने कुत्र्याचे रक्त बिघडते. असा घरचा आहार महिनोन्महिने चालवावयाचा असल्यास कॅल्शियम वगैरे काय जोडावे, हे गुरांच्या दवाखान्यात विचारून घ्यावे. तसेच खाज सुटते म्हणून कुत्र्याला स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्यास तेही सांगावे. त्या गोळ्यांनी भूक भडकते. कमी खाऊनही वजन वाढतच असेल, तर थायरॉइडचा विकार नाही ना, हे पाहावे लागते.

वजन धान्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर दर पंधरवड्याला करावे. आठवड्याला शेकडा १ ते २ टक्के उतरले की पुरे. वर सांगितलेल्या कुत्र्याला तीन ते साडेपाच महिने लागतील. काटा नसेल तर हात आहेच. बरगड्यांवर हलकेच बोटे फिरवावीत, त्या दाबल्याविना लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहता कंबर दिसली पाहिजे. मुधोळचा कुत्रा ज्यांनी पाहिला आहे त्यांना बारीक कंबर म्हणजे काय हे सांगावयास नको. अर्थात लॅब्रॅडोरला तितके रोड करावयाचे नाही.

"खाऊन-पिऊन सुखी आहे, राहू द्या की चार दिवस", असे म्हणणारेही भेटतात. प्रश्न त्या चार दिवसांचाच आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर पिल्ले जन्मभर निरखण्यात आली, आणि त्याचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेताच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा चौथा हिस्सा कमी अन्न दिले होते. जास्त खाणाऱ्यांचे आयुष्य मध्यमानाने ११.२ वर्षे भरले, कमी खाणाऱ्यांचे १३ वर्षे. शिवाय कमी खाणाऱ्यांचे सांधे उशिरा धरले. लठ्ठ कुत्रा घराच्या ऐपतीचे लक्षण मानणाऱ्यांनी त्याला सकाळी उठताना पाहावे. मागचे पाय ओढीत तो कसा उभा राहतो, ते सुखाचे लक्षण खास नव्हे.

नाताळाच्या तयारीविषयी एक सूचना देणे जरूर आहे. केकसाठी रममध्ये भिजविलेल्या मनुकांची बरणी पुष्कळ घरांत फळीवर असते. मनुका आणि द्राक्षे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पडू शकते, आणि कितीने पडेल याचा नेम नसतो. शिवाय त्यात दारू असते ती वेगळीच. बरणी कपाटात कुलपात ठेवावी. कुत्र्याने मनुका खाल्ल्याचे कळताच त्याला बरे वाटते की नाही हे पाहत न बसता, त्याच तासाला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे, आणि किती खाल्ल्या असतील याचा अंदाज सांगता यावा म्हणून बरणीही सोबत घ्यावी.