भाडेकरूची गरिबी कागदावर कधी येणार?

इंदूरमध्ये आपल्याबद्दल एक समज पक्का बसलेला आहे. मराठी माणूस म्हणजे नोकरदार, शिकलेला, खाऊनपिऊन सुखी. हा समज दुसऱ्या कोणी पसरवला नाही, आपणच तो जपला. होळकरांच्या दरबारात पणजोबा कोण होते हे आपण चारचौघांत सांगतो. पण रामबागेतल्या दोन खोल्यांचे भाडे तीन महिने थकले आहे, हे सख्ख्या भावालाही कळू देत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण जरा जास्तच मनावर घेतली आहे. सरकारी योजनेचा अर्ज मात्र मूठ उघडल्याशिवाय भरता येत नाही, आणि म्हणून आपले लोक तो भरतच नाहीत.

हुकुमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली. कामगारांचे थकलेले पैसे हाती पडायला डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. इतक्या वर्षांत भाडे भरून भरून जी घरे खंगली, त्यांत आपलीही घरे होती. त्यांना सरसकट 'मध्यमवर्गीय' म्हणायचे धाडस कोणी कशाच्या जोरावर करावे?

आता सरकारचा हिशेब पाहू. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २०१५ मध्ये आली, तेव्हा आर्थिक दुर्बल कुटुंबाची मर्यादा वार्षिक ३ लाख रुपये होती. योजनेचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, मर्यादा तीच, ३ लाख. मधल्या नऊ वर्षांत डाळ, दूध, शाळेची फी, भाडे सगळे वाढले, मर्यादा जागची हलली नाही. गंमत पुढेच आहे. आरक्षणासाठी 'आर्थिक दुर्बल' ठरायला २०१९ पासून ८ लाखांची मर्यादा आहे. म्हणजे एकच माणूस मुलाच्या प्रवेशासाठी दुर्बल आणि डोक्यावरच्या छपरासाठी सबल! हे बदलता येत नाही असेही नाही. महाराष्ट्र सरकारने मागणी केली आणि २०२३ मध्ये मुंबई महानगर क्षेत्रापुरती ही मर्यादा केंद्राने ६ लाख केली. मग मध्य प्रदेश सरकारने इंदूरसाठी तशी मागणी का करू नये? आणि आपण तिचा पाठपुरावा का करू नये?

उत्पन्नापेक्षा आपल्या लोकांना दुसरीच अट अडवते. कुटुंबातील कोणाच्याही नावे भारतात कोठेही पक्के घर नसावे, अशी ती अट. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. अट योग्यच आहे. दोन-दोन बंगलेवाल्यांनी गरिबाचे घर लाटू नये. पण आपल्या घरांतली गोष्ट वेगळी असते. साताऱ्याकडे किंवा कोकणात मूळ गावी एक वाडा असतो. मिळकत पत्रिकेवर सतरा नावे. आजोबा गेल्यावर वारसनोंद होताना चुलत्यांनी आपलेही नाव घातले, आपल्याला धड पत्ताही नव्हता. त्या वाड्याच्या सतराव्या हिश्श्यात एक खाटही मावणार नाही, आणि गणपतीला गेलो तर उतरतो पाहुणा म्हणून. अटीचे वाक्य मात्र सरसकट आहे, सतरावा हिस्सा आणि अख्खा बंगला यांत ते फरक करत नाही. खोटे लिहून द्या, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी वेळीच नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावे. पण सरकारनेही अविभक्त वडिलोपार्जित हिश्श्याबद्दल स्पष्ट शब्दांत लिहायला हवे. तिकडे म्हाडाच्या सोडतीत महाराष्ट्रातले १५ वर्षांचे अधिवास लागते. गावचे घर इकडे आड येते आणि इथला जन्म तिकडे आड येतो. म्हणजे आमची नावे दोन्हीकडे लिहिली जातात ती फक्त वगळण्यासाठी.

बरे, अट पार केली तरी मिळते काय? व्याजावरचे अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच हप्त्यांत. अनुदानासाठी आधी कर्ज हवे. बासष्ट वर्षांच्या निवृत्ताला, १ हजार रुपये पेन्शन घेणाऱ्याला वीस वर्षांचे कर्ज कोण देणार? आम्ही बँकेत बसतो, उत्तर आम्हांला पाठ आहे.

या माणसाला खरी गरज भाड्यात मदतीची आहे. समजा, नवरा १४ हजार मिळवतो, बायको शिकवण्या घेऊन ९ हजार. भाडे ८ हजार. एक तृतीयांशाहून जास्त रक्कम पहिल्याच आठवड्यात गेली. त्याला भाड्यापोटी एक पैसा कोणी देत नाही. उलट केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला इंदूरसारख्या शहरात मूळ पगाराच्या २० टक्के घरभाडे भत्ता मिळतो, आणि जुन्या करपद्धतीत त्यावर सवलतही. भाड्याला मदत करण्याची रीत सरकारला माहीत नाही असे नाही. ती ज्याचा पगार पक्का त्यालाच मिळते. २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना निघाली. सरकारी पैशांतून बांधलेली ८३ हजारांवर घरे देशभर रिकामी होती. त्यांतली भाड्याने देण्याजोगी झाली साडेपाच हजारांच्या आसपास. दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचे कलम पुन्हा आहे. ते कलम इंदूरमध्ये कोणत्या वस्तीत, किती घरांवर लागू होणार, हे महापालिकेला लेखी विचारले पाहिजे.

शेवटचा प्रश्न आपल्या संस्थांना. ज्यांच्याकडे मोक्याच्या जागा, मंगल कार्यालये आणि बँकेत मुदत ठेवी आहेत, त्यांनी समाजातल्या किती भाडेकरूंची यादी केली? वर्षातून एक नाटक, एक हळदीकुंकू, गुणवंतांचा सत्कार. सत्कार घेणाऱ्या मुलाच्या घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली आहे, हे व्यासपीठावरच्या किती जणांना ठाऊक असते? येत्या वार्षिक सभेत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. पहिला, मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी उत्पन्नाचा दाखला आणि योजनेचे अर्ज भरून देण्याची सोय करावी, नावे गुप्त ठेवून. दुसरा, कार्यालयामागच्या मोकळ्या जागेवर दुसरे सभागृह न बांधता एकट्या वृद्धांसाठी व विधवांसाठी माफक भाड्याच्या खोल्या बांधाव्यात. सूचक आम्ही आहोत, अनुमोदक हवेत.