तारापूरचा कोट

बोईसरास उतरणारीं कुटुंबें चिंचणीचा समुद्र पाहून परततात. अणुवीजकेंद्रामुळें १९६९ पासून तारापूरचें नांव देशभर झालें. कोट मात्र मागें राहिला. गतमासीं नातवंडांसह आम्ही तेथें गेलों. पोर्तुगिजांचा हा कोट चिमाजीआप्पांच्या सैन्यानें जानेवारी १७३९ मध्यें घेतला. त्या लढाईंत बाजी भिवराव पडले. त्यानंतर मे महिन्यांत वसई आली. वसईचा विजय आम्ही वर्गांत तीस वर्षें शिकविला. तारापूरचें मोल सांगावयाचें राहिलें. "आजोबा, हेंहि तुम्ही शिकवीत होतां ना?" नातीनें विचारिलें. आम्हांस 'होय' म्हणतां आलें नाहीं. वाचकहो, समुद्र अवश्य पाहावा. परंतु मुलांस कोटापाशीं नेऊन बाजी भिवरावांचें नांवहि सांगावें.