तारे पुसून तेजोमेघ दाखवू नका

इंदापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. पौषात लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात, म्हणून एरवी मांडवात राबणारा कॅमेरा मी त्या महिन्यात आभाळाकडे वळवतो. कडबनवाडीच्या बाजूला ओळखीच्यांच्या बांधावर ट्रायपॉड लावला की पश्चिमेला बारामतीचा उजेड तेवढा खटकतो. डोक्यावर मृग नक्षत्र लख्ख असते.

आमच्या तरुण फोटोग्राफरांत सध्या एक टूम निघाली आहे. सॉफ्टवेअरने फोटोतले सगळे तारे पुसायचे आणि उरलेला तेजोमेघ भडक करून दाखवायचा. तारे मध्ये येतात म्हणे! हे मला अजिबात पटत नाही.

मृगाच्या बाणाखाली जो धुरकट ठिपका दिसतो, तो तेजोमेघ सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. आज लेन्समध्ये शिरणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचा अंमल होता. तो मेघ उजळतो त्याच्याच पोटी जन्मलेल्या, अतितप्त ताऱ्यांमुळे. त्यांच्या अतिनील किरणांनी तिथला हायड्रोजन तांबडा चमकतो. कृत्तिकांभोवतीची निळी झाक म्हणजे तर धुळीवर पडलेला त्या ताऱ्यांचाच उजेड. मग तारे पुसणे म्हणजे समई उचलून गाभाऱ्यातला प्रकाश तेवढा ठेवणे झाले.

शिवाय ठळक ताऱ्यांना आपापले रंग असतात. काक्षी तांबूस, राजन्य निळसर पांढरा, रोहिणी नारिंगी. आयएसओ भरमसाट वाढवला की सगळे सारखेच पांढरेफटक पडतात. मी ५० मिलिमीटरच्या लेन्सने पाच-सहा सेकंदांचे पुष्कळ फोटो घेतो आणि ते एकावर एक रचतो. शटर जास्त वेळ उघडे राहिले तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात. एखाद्या फोटोत फोकस मुद्दाम किंचित ढळवतो. ताऱ्याची टिकली होते आणि रंग नीट उमटतो. कालव्याच्या पट्ट्यात दव फार, त्यामुळे लेन्स मात्र सारखी पुसावी लागते.

२०१९च्या अखेरीस काक्षी इतका मंदावला होता, की नुसत्या डोळ्यांनाही फरक कळत होता. तारे पुसलेल्या फोटोत अशी नोंद कुठून सापडणार? आणि व्याधाच्या खाली, दक्षिणेला अगस्त्य पाहा. आपल्याकडे तो क्षितिजापासून एकोणीस अंश वर येतो. लंडन-पॅरिसहून कधीच दिसत नाही. परदेशी फोटोंची नक्कल करणाऱ्या आमच्या मुलांनी हे आपले वैभव आधी टिपावे.

शाळा-कॉलेजांत प्रदर्शने भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे : ताऱ्यांसकट काढलेलाच फोटो लावा. त्याखाली काक्षी, राजन्य, व्याध अशी नावे लिहा आणि तो किती सेकंदांचा आहे, तेही लिहा.