फुकटच्या सुरांचे मोल

टिटवाळ्याच्या महागणपतीपुढे भजनास बसणाऱ्या मंडळाला तंबोरा वाहून नेण्याची गरज आता उरलेली नाही. खऱ्या वाद्याचे मुद्रित सूर मोबाइलमधून उमटतात. परंतु असे सूर फुकटच मिळावेत, ही संगीतकारांची अपेक्षा अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. प्रत काढण्याचा खर्च नगण्य, हे खरे. पहिल्या मुद्रणात मात्र कारागिराचे वाद्य, वादकाचा रियाज आणि तंत्रज्ञाचे श्रम खर्ची पडलेले असतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. ते नावाचे रक्षण करते, नादाचे नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात कलावंतांच्या स्वामित्वधनाला मान्यता मिळाली. स्वतःच्या मानधनाचा आग्रह धरणाऱ्यांनी इतरांच्या श्रमाचे मोल नाकारणे न्याय्य नव्हे. कोणी स्वखुशीने दिले तर ते दान; दानावर हक्क सांगता येत नाही.