'ऑर्गॅनिक' चढत नाही?

मित्रांनो, नाक मुरडू नका! यॉर्कशायरला दादाकडे गेलो होतो, तेव्हा टॅडकास्टरच्या सॅम्युअल स्मिथची ऑर्गॅनिक पेल एल चाखली. नाव 'पेल', पण रंग चक्क मधासारखा. गारही बेताचीच. आधी भाजलेल्या पावासारखा माल्टचा गोडवा, मग जिभेच्या मागे हॉप्सचा कडवटपणा, कडू काढ्याइतका नाही हं! १७५८ सालची ही ब्रुअरी, अजून दगडी चौकोनी टाक्यांत एल आंबवते. पण 'ऑर्गॅनिक' चव काही सापडली नाही राव. तो शिक्का शेताचा. बार्लीला कृत्रिम खत नाही, वगैरे. अल्कोहोल ५ टक्के, तेच इथेनॉल! "ऑर्गॅनिक आहे, चढत नाही" म्हणणाऱ्या आमच्या रूम पार्टनरने केमिस्ट्रीचं पुस्तक पुन्हा उघडावं. दादा मात्र चहाच प्याला, गाडी त्याला चालवायची होती.